एकशे एकचा कप्पा

सर,

तुम्ही गेल्याला अकरा वर्षं होतील. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी वाटलं नाही, आणि आज वाटतंय ते काही चांगल्या कारणासाठी नाही. जुळे सोलापुरातल्या एका काकांचा आवाज मी पुसून टाकला. आवाज म्हणजे खरोखरचा आवाज. घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्या ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस ते रोज कॉम्प्युटरसमोर बसून बोलले आणि ते बोलणं त्यांनी साठवून ठेवलं. त्यांच्या लेकीला सातवा महिना लागलाय. होणाऱ्या नातवंडाला आजोबा ऐकू यावेत म्हणून तो सगळा खटाटोप. त्याची दुसरी प्रत जगात कुठे नव्हती. आणि ते तुमच्या हाताखाली तीन वर्षं काढलेल्या मुलीनं एका क्लिकमध्ये घालवलं. हे मी कुणापुढे बोलू? आमच्या घरी कुणाला पार्टिशन कळत नाही, आणि धंद्यातल्यांना सांगितलं तर ते हसतील, आणि त्यांनी हसावं अशीच गोष्ट आहे.

मी सांगोल्याकडून तुमच्या क्लासला आले तेव्हा मला काय येत होतं? वडिलांची मेंढरं, आणि मी बारावी पास. तुमची ती वरची खोली, खाली माग. माग सुरू झाले की टेबलावरचे स्क्रू आपोआप चालायला लागायचे. तुम्ही प्रत्येक मशीनखाली सोलापुरी चादरीची चौघडी घालून ठेवायचात, डिस्कला हादरा सोसत नाही म्हणून. बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं की त्याला वाटायचं इथं कॉम्प्युटर झोपवून ठेवलेत. मॅडम तुमच्याशी तेलुगूत बोलायच्या, माझ्याशी मराठीत, आणि दोन्ही भाषांत एकच बोलायच्या, की जेवून घ्या. चिंचेचा भात मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याकडे खाल्ला. आणि हात न धुता कीबोर्डला लावला म्हणून पहिला ओरडाही त्याच दिवशी खाल्ला.

दुसरा ओरडा मात्र मी विसरलेली नाही. चटणीचा घरगुती धंदा करणाऱ्या एक बाई मशीन घेऊन आल्या होत्या. ते सुरूच होत नव्हतं. मी नवी नवी शहाणी, त्यांच्यासमोर म्हणाले, "सर, फॉर्मॅट मारू का?" तुम्ही स्क्रू पिळत राहिलात. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तुम्ही हातातलं काम ठेवलंत. "फॉर्मॅट म्हणजे दुरुस्ती नाही की. फॉर्मॅट म्हणजे आपण हात टेकले. आधी त्यांना विचार, गेलं तर रडू येईल असं यात काय आहे." मला इतकी लाज वाटली. परक्या बाईला असं कुणी विचारतं का? पण विचारलं. त्या म्हणाल्या, काही नाही, हिशेब आहेत नुसते. चपला घालून जिना उतरल्या आणि अर्ध्या जिन्यातून परत वर आल्या. भावाचे फोटो आहेत म्हणाल्या, भाऊ आता नाही. त्या दिवशी तुम्ही मला खोडरबर दिलंत, रॅमचे सोनेरी दात घासायला लावलेत, आणि मशीन काहीही न पुसता सुरू झालं. तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच प्रश्न विचारत आलेय. अगदी चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मॅनेजरलाही विचारला, तो म्हणाला, मॅडम, रडू येईल असा इथं मीच आहे.

आणि तुमचे ते आकडे. पार्टिशनला तुम्ही कप्पा म्हणायचात. एका डिस्कचे कप्पे करायचे ते आहेराच्या आकड्यांत, एकावन्न आणि एकशे एक. विंडोजला एकावन्न जीबी, गिऱ्हाइकाच्या मालाला एकशे एक, उरलं ते उरलं. विंडोज टाकताना जो पडदा येतो त्यावर ड्राइव्हचं अक्षर दिसत नाही, नाव कुणी दिलेलं नसतं, नुसता आकार दिसतो. तेव्हा शेवटी एक दिसला की ओळखायचं, हे मशीन आपल्या हातचं. एकावन्नला हात लावायचा, एकशे एकला लावायचा नाही. ५२२२४ आणि १०३४२४, एमबीतले हे दोन आकडे मला अजून माझ्या मोबाईल नंबरासारखे पाठ आहेत. दुसऱ्या दुकानातली पोरं चेष्टा करायची, की हे लोक डिस्कचं लग्न लावतात. तुम्ही म्हणायचात, लावतो, आहेर आणा.

तुम्ही गेलात आणि पुढे नवं विंडोज एकावन्नात मावेना. मग मी काय केलं? आकडे एक पायरी वर सरकवले. विंडोजला एकशे एक, गिऱ्हाइकाला दोनशे एकावन्न. तुमची रीतही राहिली आणि जागाही झाली, म्हणून मी स्वतःवर खूश होते. एकदोघांना शिकवलंसुद्धा. गेली कित्येक वर्षं माझा हात असाच चालतोय. एकशे एक दिसलं की विंडोज.

काकांचं मशीन तुमच्या हातचं होतं, सर. लेकीच्या शिक्षणासाठी त्यांनी ते तुमच्याकडून जोडून नेलेलं. मला बोलावलं तेही त्यामुळेच. काकू फोनवर म्हणाल्या होत्या, "सरांकडं शिकलेली हाईस म्हणून तुला बोलवतीय बाळा, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाय." मशीन चालू व्हायचं, विंडोजची खूण यायची, निळी चमक मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मी रॅम काढली, घासली, लावली. केबल बदलली. तेवढ्यात चिंचोळीहून फोन आला, तिथलं बिलिंगचं मशीन बंद पडलेलं आणि माल भरलेली गाडी गेटवर उभी. तुमचा प्रश्न मी काकांना विचारला. विचारला, खरंच. काका पाटी-पेन्सिलवर बोलतात, शाळेतल्यासारखी दगडी पाटी. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, आधीचं पुसलं, पेन्सिल शोधली, आणि लिहायला लागले. अक्षर सुंदर आहे त्यांचं, पण सावकाश. 'यात माझा' एवढं लिहून झालं होतं. मी हसून म्हणाले, "राहू द्या काका, मला ठाऊक आहे सगळं कुठं असतं ते. तुमचं काही जात नाही." आणि विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला.

ज्याला बोलता येत नाही त्याचं वाक्य मी तोडलं. माझ्या घाईला तेवढी दोन मिनिटं पेलली नाहीत.

पडद्यावर तीन आकडे होते, एकावन्न, एकशे एक आणि ऐंशी. एकावन्न मला दिसलं होतं, सर. दिसलं, तरी लक्षात काहीच आलं नाही. बोट एकशे एकवर गेलं, फॉर्मॅट केलं, पुढे म्हटलं. विंडोज भरत असताना काकू चहा घेऊन आल्या. निम्म्याहून जास्त झालं होतं. त्या म्हणाल्या, "ह्यांचा आवाज हाय की गं त्यात. तेवढा ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, राहतोच काकू, तो वेगळ्या कप्प्यात असतो. आणि चहा प्यायले. त्या क्षणी जरी प्लग ओढला असता तरी खूप काही वाचलं असतं. पुसल्यावर त्यावर एक अक्षरही लिहू द्यायचं नाही, आधी वीज तोडायची, हे तुम्हीच शिकवलेलं. मी मात्र बशीत ओतून चहा पीत बसले, आणि समोर काकांच्या बोलण्यावर विंडोज ओतलं जात होतं.

मशीन सुरू झालं. डेटा दाखवावा म्हणून दुसरा कप्पा उघडला तर आत जुनं विंडोज. तिसरा रिकामा. म्हणजे मी पुसला तो काकांच्या आवाजाचा कप्पा. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तारीख कितीतरी वर्षं मागची. बोर्डावरचा बटणाएवढा सेल मेला होता. त्यामुळे मशीन आपली सेटिंग विसरलेलं, डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं तेच विसरलेलं. नवा सेल घालून एक सेटिंग जागेवर आणली असती की झालं असतं. काखेत कळसा आणि मी सगळं गाव पुसून आले. फॉर्मॅटची गरजच नव्हती.

काकूंनी विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, डिस्क गेलीय काकू. जुनी होती. घेऊन जाते, बघते काही निघतंय का. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि वर म्हणाल्या, तू तरी काय करणार, जुनीच वस्तू. डिस्क ठणठणीत आहे, सर. अजून आवाजसुद्धा करत नाही. तुम्ही बांधून दिलेली वस्तू खराब निघाली असं मी सांगितलं, तुमच्या नावावर ढकलून मोकळी झाले. चिंचोळीला मी त्या दिवशी गेलेच नाही.

सहा दिवस झाले. आधी डिस्कची तशीच्या तशी नक्कल काढली, मग नकलेवर तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं चालवली. सदतीस फायली होत्या. त्यांची नावं मला आता सगळी माहीत आहेत, कारण नावं परत आली, आत काही नाही. 'हाका' नावाच्या फायलीत त्यांनी घरातल्या प्रत्येकाला एकेकदा हाक मारून ठेवली होती, असं काकू मध्ये फोनवर म्हणाल्या. 'गाडीतळ' नावाच्या आहेत पाच. काका श्रीपूरकडं साखर कारखान्यावर होते, उसाच्या गाड्यांचे नंबर लाउडस्पीकरवर पुकारायचे. थंडीत पहाटे त्यांचा आवाज ऐकून बैल उठून उभे राहायचे म्हणे. तसे नंबर पुकारत पुकारत नातवंडाला शंभरपर्यंत मोजायला शिकवायचं, असा त्यांचा बेत होता. मी एकेक फाईल लावते आणि आतून खरखर येते, मध्येच शिट्टीसारखं काहीतरी, मग पुन्हा खरखर. मी जेवत नाही, झोपत नाही असं लिहिलं तर तुम्ही म्हणाल, नाटकं करू नकोस. जेवते. पण रस्त्यात कुणी मोठ्यानं बोललं तरी दचकायला होतं. सदतिसांतली फक्त एक बोलली. नऊ सेकंद. "चालू झालं का गं? लाल दिवा लागला का बघ की. न्हाय लागला? मग थांब." एवढंच. बोलायला सुरुवात करायच्या आधीचं.

ते नऊ सेकंद घेऊन आज सकाळी मी जुळे सोलापूरला गेले. रिक्षात ठरवलं होतं, आधी सगळं सांगायचं आणि मग ऐकवायचं. उलट झालं. दार उघडताच काकूंच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी आधी ऐकवलंच. काकूंनी पदर तोंडाला लावला. काका खुर्चीतून पुढे वाकले, हातानं खूण केली, पुन्हा. पुन्हा लावलं. तीनदा ऐकून त्यांनी पाटी घेतली. या वेळी मी थांबले. पाटी माझ्याकडे नाही, काकूंकडे फिरवली. लिहिलं होतं, 'असा होता व्हय?'

काकूंनी नुसती मान हलवली.

मग मी सांगितलं. "डिस्क गेली नव्हती काका. मी पुसलं. तुम्ही लिहीत होता आणि मी थांबले नाही." सेलचंही सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. काकू उठल्या आणि आत गेल्या, आणि भांडी आपटल्याचा आवाजही आला नाही, आला असता तर बरं वाटलं असतं. काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं काहीतरी लिहितील, शिवी लिहितील. त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि बोटानं पुन्हा तीच खूण केली. मी तो तुकडा लावला. किती वेळा लावला मोजलं नाही. निघताना काकू बाहेर आल्या नाहीत. दार मीच ओढून घेतलं.

माफ करा असं लिहायला हे पत्र घेतलं होतं, पण माफी तुमच्याकडे मागून काय उपयोग, ती ज्यांच्याकडे मागायची त्यांच्या दारात मी उभी राहून आले. आणखी एकच सांगायचं आहे. परतताना रिक्षात मी आठवायचा प्रयत्न केला, माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता. शब्द सगळे आठवले. वर लिहिलेत तेही तुमचेच आहेत, एकही बदललेला नाही. पण ते ऐकू येतात ते माझ्या आवाजात. सर, तुमचा आवाज मला आठवत नाही.