घोटाभर पाण्यातली होडी

१० जून, वटपौर्णिमा
नाव सत्यवान, आणि बायको वडालासुद्धा आली नाही.
सुगंधा फेब्रुवारीत समीक्षाच्या बाळंतपणाला बदलापूरला गेली. खरं तर मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी. पण समीक्षा म्हणाली, दिवस भरलेल्या बाईने काळोखात बॅटरी घेऊन मागील दारी परसातल्या संडासात जायचं, वाटेत फुरसं, नकोच ते. मग आईच तिकडे गेली. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. नात आता पालथी पडायला लागली.
आज फोन केला. म्हणाली, 'घरात संडास-बाथरूम बांधा, मगे येतंय. माझे गुडघे गेले.' हे ती कित्येक वर्षं म्हणते आहे. त्यामुळे खरं कारण ते नसणार.
खरं कारण मला कळलंय. घरात विरंगुळा नाही. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालो तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसून असतो. कुटुंबाला एकत्र आणणारं काहीतरी हवं. विचार चालू.

११ जून
सापडलं. होडी!

१२ जून
खाडी मागील दारी आणि आम्ही जन्मभर मासे विकत घेतले. लाज वाटली पाहिजे. होडी आली की सकाळी गळाला तांबोशी, संध्याकाळी सगळ्या फॅमिलीला खाडीत फेरी. सुगंधा हसते आहे, नात पाण्यात हात घालते आहे, जावई फोटो काढतो आहे. चित्र डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतं.
सुगंधाला काही सांगायचं नाही. सरप्राइज.
पोहायला येत नाही. सोमवारपासून शिकणार.

३ जुलै
रोज व्हिडिओ बघतो. आता या विषयात गावात माझ्याएवढी माहिती कुणाला नसावी. सपाट तळाची होडी घोटाभर पाण्यात चालते, पण लाटेवर आपटते. टोकदार तळाची लाट कापते, पण खाडीत रुतते. म्हणजे आपल्याला सपाट. उथळ पाण्याचा आणखी एक फायदा, माणूस पडला तर उभा राहतो. पोहणं त्यामुळे एवढं अर्जंट नाही.

१९ जुलै
मालवणला बाळाच्या फायबरच्या शेडमध्ये गेलो. बाळा होड्या बनवतो. त्याने साधी, सपाट, हलकी होडी दाखवली. म्हणाला, 'दादानू, दोन माणसांनी उचलूची आणि पाण्यात सोडूची.' मस्त होती. पण बसायला नुसती आडवी फळी. सुगंधाची पाठ? टेकायची बाकं सांगितली. ऊन लागेल, वर छप्पर सांगितलं. बाळा म्हणाला, वजन वाढतला. म्हटलं, थोडंसं वाढू दे.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
देवाला कौल लावला. होडी घेऊ का? गुरवाने मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या. डावी पडली. डावी म्हणजे नको.
घरी येऊन शांतपणे विचार केला. देवाने नको असं सांगितलेलं नाही. आत्ता नको असं सांगितलंय. शिवाय गुरवाने नुसतं 'होडी' विचारलं, 'कुटुंबासाठी' हा शब्द गाळला. अर्धवट प्रश्नाला देव तरी काय करणार?
बाळाला ॲडव्हान्स पाठवला.

१ सप्टेंबर
सुगंधा गणपतीला आली. पाच दिवस घर भरल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. तिने मोदक केले, माझे सगळे शर्ट धुतले, उशीचे अभ्रे बदलले. रात्री मला उठवायची, 'ओ, बॅटरी धरा.' मी धरायचो. पावसात पागोळीखाली उभं राहून डुलकी यायची, एकदा बॅटरी हातातून पडली आणि ती आत काळोखात ओरडली. विसर्जनादिवशी मागच्या पायरीवर घसरली. फारसं लागलं नाही. 
आज गेली. स्टँडवर मी म्हटलं, दिवाळीपर्यंत बघ कशी गंमत करतो. ती एकदम वळली. विचारलंन, 'बांधतास?' मी नुसता हसलो.
आशा लागली तिला. बरं झालं.

१४ सप्टेंबर
जितेंद्रचा फोन. सुगंधाचा भाऊ, बांद्याला टाईल्सचं दुकान. म्हणाला, 'भावोजी, टाईल्स आणि कमोड मी दारात आणून टाकतंय, तुमी फक्त गवंडी बघा.' तिने सांगितलेलं दिसतं. म्हटलं, थांब, एक मोठा प्लॅन आहे. तो म्हणाला, बाथरूमपेक्षा मोठो? म्हटलं, कितीतरी.
पण फोन ठेवल्यावर एक आयडिया सुचली. रात्री मीच उठून दिवा लावला आणि स्वतःची पाठ थोपटली.

१५ सप्टेंबर
होडीतच संडास बसवायचा!
प्लास्टिकचा सुटा कमोड मिळतो, खाली टाकी, भोवती पडदा. एका दगडात दोन पक्षी. सुगंधाची तक्रारही मिटली आणि विरंगुळाही झाला. बाळाला सांगितलं तेव्हा त्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग विचारलंन, 'दादानू, वयनींक विचारलास?' म्हटलं, अरे, तिच्यासाठीच तर चाललंय सगळं.

२७ ऑक्टोबर
दिवाळी गेली. होडी झाली नाही. सुगंधा आली नाही. फोनवर विचारलं तर म्हणाली, 'गवंड्याचो फोटो धाडा, मगे येतंय.' घरात पणती मीच लावली. एकच लावली, वारा होता.
पोहणं सोमवारपासून नक्की.

१६ नोव्हेंबर
होडी आली. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. दोन माणसांनी उचलायची ती मुळातली होडी, ही डिलक्स आहे. बाळा म्हणाला, 'ही आता घोटाभर पाण्यात नाय, कमरेभर पाण्यात चलतली.' खाडी आहे कमरेभर. भरतीला.
ट्रायल घेतली. सुंदर चालली. मला उलटी झाली ती दुपारच्या सुक्या बांगड्यामुळे.

२२ नोव्हेंबर
देवाने गावपळणीची तारीख दिली! आमच्या गावात दर चार वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि तीन दिवस, तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्यासुद्धा. गावात चूल पेटायची नाही, कुणी पाऊल टाकायचं नाही. खाडीपलीकडच्या माळावर झोपड्या पडतात.
सुगंधाला आता यावंच लागणार, देवाचं काम. माझा प्लॅन: आम्ही दोघं तीन दिवस होडीत. पाणी म्हणजे गाव नव्हे. सगळा गाव रानात डबे घेऊन पळेल आणि माझी बायको पडद्याआड कमोडवर, राणीसारखी.
फोन केला. ती येते म्हणाली. म्हणाली, 'गावपळण झाल्यावर घरात पाय ठेवायचो काय नाय ता बघुया.' आवाज थकलेला. हा शेवटचा चान्स असावा असं क्षणभर वाटलं.  पण होडी आहे.

५ डिसेंबर, सकाळ
सुगंधा आली. होडी दाखवली. बघत राहिली. कमोड दाखवला. तो तर फारच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, 'आणि घरात?' म्हटलं, आधी बस तर खरी. बसली. बहुतेक भारावली.
दहा वाजता देवळात ढोल झाला, सगळा गाव निघाला. आम्ही पाण्यातून.

दुपार
पडदा घरी राहिला. घर गावात. गावात तीन दिवस जाता येत नाही.
सुगंधाला काही सांगितलं नाही. तिला दिसतंय म्हणा.

तीन नंतर
ओहोटी लागली. होडी खाडीच्या मधोमध टेकली. इंजिन मारलं तर चिखल उडाला, तिच्या साडीवर. काठावर गाव जमला. पलीकडच्या माळावर सगळे ओळखीचे, हात कमरेवर ठेवून. सुगंधा कधीपासून नुसती बसली आहे, पाय जवळ घेऊन. तिला जायचंय हे मला कळतं. पडदा नाही आणि समोर अख्खा गाव.
म्हटलं, छत्री धरू का? तिने माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मी छत्री उघडलीच नाही.

संध्याकाळ
गावकऱ्यांमध्ये वाद सुरू झाला. आम्ही गावात की गावाबाहेर? शेवटी मानकरी ओरडला, 'पाणी आसा तवसर खाडी देवाची. पाणी गेला की चिखल गावचो. सत्यवाना, तू गावात इलंस! भायर ये!'
मी ओरडून सांगितलं की भरतीपर्यंत थांबा. सुगंधा मात्र उठली. म्हणाली, 'माका उतरूचा आसा.' गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हटलं, थांब, तुझे गुडघे. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या गुडघ्यांचं नाव आपणहून काढलं असेल. ती उतरली. तीनदा पडली. तुळसा, शेजारची, साडी खोचून आत आली, 'गो सुगंधा, हात धर माझो,' म्हणत तिला ओढत घेऊन गेली. मग दोघी रानाकडे गेल्या. काठावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मी होडीतच. होडी सोडून कॅप्टन जात नाही. आणि चिखलाची मला भीती वाटते.

६ डिसेंबर
रात्री भरतीला होडी सुटली, मी काठाला आलो. जितेंद्र सकाळी गाडी घेऊन आला आणि तिला थेट बांद्याला घेऊन गेला. तिने बॅग उघडलीच नव्हती. मी काही बोलणार तोच जितेंद्रने हात जोडले, 'भावोजी, आता नको.'

८ डिसेंबर
देवाने कौल दिला, गाव परत आला. घरोघरी चुली पेटल्या. मी चहा करून घेतला. साखर कुठे असते ते शोधायला वेळ लागला.

१९ डिसेंबर
होडी बाळाने परत नेली. कमोडसकट. गवंड्याला बोलावलं. तो म्हणाला, माजघराशेजारी सहज बसेल, आठ दिवसांचं काम. आठ दिवसांचं.
उद्या बांद्याला जातो. सगळं सांगतो. ती येईल. यायलाच पाहिजे.

२० डिसेंबर, परतीच्या गाडीत
जितेंद्रच्या घरी बसलो. सुगंधा आतून पाणी घेऊन आली. बरी दिसते. म्हटलं, होडी परत दिली, गवंडी सांगितला, टाईल्स तू म्हणशील त्या. माफ कर म्हणायचं होतं, त्याऐवजी टाईल्सच्या रंगावर बराच वेळ बोललो.
तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'बांधा. तुमका लागतला. तुमचे पण गुडघे आता दुखूक लागतले.'
म्हटलं, आणि तुला काय हवंय ते सांग. हा प्रश्न मी तिला आधी कधी विचारला होता का, आठवत बसलो.
म्हणाली, 'माका आता कायच नको.' रागाने नाही. पाण्याचा तांब्या उचलून आत गेली.
कायच नको. म्हणजे तिची काही मागणी शिल्लक नाही, तक्रार मिटली. तसं बघितलं तर हे चांगलंच लक्षण. सावंतवाडीपर्यंत मी असंच स्वतःला समजावत आलो. पुढे जमलं नाही. मला तिच्याशिवाय त्या घरात राहता येत नाही, हे मी तिला सांगितलंच नाही.
कुडाळला गाडी बदलली. इथल्या कंडक्टरने ओळखलं, माझ्या हाताखालचा पोरगा. शेजारची सीट बघून विचारलंन, 'साहेब, वयनी येवक नाय?' म्हटलं, मागच्या गाडीने येताहेत.
त्याने एकच तिकीट काढलं. ही शेवटची गाडी आहे हे त्यालाही माहीत आहे, मलाही.