गच्चीवरचा अँटेना

मॅडम, काल आपला अँटेना चालला. "आपला" म्हणतेय, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

हुबळीत विद्यानगरच्या कॉलेजात वर्गात तुम्ही कन्नडमधून शिकवायचात आणि लॅबमध्ये दोघीच असलो की मराठीत रागवायचात. स्विच चालू-बंद करून स्वतःची दिशा बदलणारा अँटेना मी कॉम्प्युटरवर झकास चालवून दाखवला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "स्क्रीनवर सगळंच चालतं गं. गच्चीवर चल." गच्चीवर ऊन मी म्हणतंय. बोर्ड तापतो, स्विच भलतंच वागतात, सिग्नल पडतो तो पडतोच. मला रडू फुटतं. तुम्ही थर्मासमधला चहा पुढे करता. "रड हवं तर. पण रीडिंग लिहीत रड."

पुढे तुमचं दुखणं निघालं. देशपांडे नगरच्या घरी भेटायला आले तेव्हा उशीला टेकून बसला होतात, आवाज पार खोल गेलेला. "हाताने स्विचच्या किती जुळण्या तपासणार? अँटेनाला आपलं आपणच शिकता आलं पाहिजे." कसं, ते तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही गेलात आणि लॅब आवरताना तुमचे बोर्ड भंगारात गेले. मी तेव्हा धारवाडला नोकरीत होते. कळून धावत आले तोवर टेम्पो निघून गेला होता.

आता हुबळीतच एका लहान कंपनीत आहे. कुठले स्विच कधी बदलायचे ते ठरवणाऱ्या आमच्या एआय मॉडेललाही आधी कॉम्प्युटरमधल्या हिशेबावरच शिकवलं. खऱ्या बोर्डावर ते सपशेल आपटलं. मग उन्हात तापलेल्या, सावलीत निवलेल्या बोर्डाचीच रीडिंग घेऊन नव्याने शिकवलं आणि बोर्डावरच्या चिपमध्ये बसवलं. काल गच्चीवर आमच्यातली एकजण फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेली. सिग्नल ढासळला, अँटेनाने आपले आपण स्विच बदलले, आणि सिग्नल परत आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जिन्यात जाऊन बसले. त्या टेम्पोतल्या बोर्डांवर तुमच्या हातचं सोल्डरिंग होतं, तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

घरी आई शेंगा सोलत होती. "जमलं," म्हटलं.

"मॅडमना सांगितलंस?"

हल्ली कोण आहे, कोण गेलं, याचं तिला भान राहत नाही. मी "हो" म्हणाले.

"मग, काय म्हणाल्या?"

मी पानं घ्यायला उठले.

हे पाठवायला पत्ता नाही. माझं ते "हो" अगदीच खोटं ठरू नये, एवढ्यासाठी लिहिलं.