पितळी पोचली का

॥ श्री ॥
मु. कुरंगवाडी, ता. लांजा
दि. २२ ऑक्टोबर २०२४

चि. ज्ञानेश यास,
बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र हाशिर सौदीला परत येताना स्वतः तुझ्या हातात देईल. एकतीस वर्षं मी पोस्टमन म्हणून लोकांची पत्रं वाटली, आणि आज माझंच पत्र हुसेनमियाँच्या मुलाच्या खिशातून पाठवायची वेळ आली. पण इलाज नाही. गोष्ट टपालात घालण्यासारखी नाही, आणि फोनवर बोलण्यासारखी तर नाहीच. काल रात्री तुझ्या आईच्या हातून फोन ओढून घेऊन मी पितळी पोचली का म्हणून ओरडलो. तू म्हणे उत्तर दिलंस की मेसमध्ये स्टीलची ताटं असतात, पितळी पाठवू नका. अरे शहाण्या, मी जेवायच्या पितळीबद्दल विचारत नव्हतो. पितळी बुडाच्या काडतुसाबद्दल विचारत होतो.

आता नीट वाच. तू निघालास त्या सकाळी, तू आंघोळीला गेलेला असताना, तुझ्या काळ्या बॅगेच्या तळाशी मी एक पुरचुंडी ठेवली. तुझी लहानपणची शिट्टी. रिकाम्या काडतुसाची ती. शाळेत जाताना वहाळाजवळ तू घाबरायचास म्हणून दिलेली. तू तिकडून वाजवायचास आणि मी शेतातून हाळी द्यायचो. आता माझे कान गेले, तरी ती तुझ्याजवळ असावी असं फार वाटलं. सांगितलं असतं तर तू हसला असतास, म्हणून गुपचूप ठेवली.

आपल्या शेताच्या बंदुकीची काडतुसंही मी त्याच डब्यात, तशीच फडक्यात गुंडाळून ठेवतो, हे तुला माहीत आहे. पाच भरलेली आणि सहावी ती शिट्टी. काल निवडणुकीपायी बंदूक ठाण्यात जमा करायला गेलो. चष्मा घरीच राहिलेला. हवालदाराने एकेक पुरचुंडी सोडली. पाचही भरलेली निघायला हवी होती. निघाली चार, आणि पाचव्यात रिकामं. रिकामं इथे राहिलं म्हणजे भरलेलं तुझ्याबरोबर गेलं, हे कळायला मला चष्मा लागला नाही. हवालदाराने एक कुठे गेलं म्हणून विचारलं, तर मी डुकरावर उडवलं म्हणून ठोकून दिलं. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पोलिसाशी खोटं बोललो. त्याने लिहून घेतलं, वर किती डुकरं मारलीत म्हणून थट्टा केली.

तेव्हापासून घास गिळत नाही. तिकडचे कायदे किती कडक आहेत ते हुसेनमियाँकडून ऐकलंय. तुमच्या कॅम्पात खोल्या तपासतात असं तूच सांगितलं होतंस. तुझ्या खाटेखालच्या बॅगेत ते पडलंय आणि तुला पत्ताच नाही, या विचाराने रात्री उठून बसतो. सापडलं तर तुरुंग, आणि ते माझ्यामुळे. पत्र वाचून झालं की बॅग बघ, पण ते आपटू नकोस, उन्हात ठेवू नकोस. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. एखाद्या जाणत्याला विचार. आणि हे पत्र फाडून टाक. पोस्टमनच्या हातून असलं वाक्य लिहिलं जाईल असं वाटलं नव्हतं.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही, तिला कळू देऊ नकोस. भात कापून झालाय, उतारा बरा आहे. तब्येतीला जप.

तुझा चुकलेला,
बाबा


॥ श्री ॥
अल खफजी
दि. २७ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
ज्ञानेशचा शि. सा. न. वि. वि.

काल हाशिर कॅम्पच्या गेटवर येऊन पत्र देऊन गेला. वाचल्या वाचल्या आईला फोन लावला आणि पितळी रिकामी होती, बाबांना इतकंच सांग म्हटलं. तिने मला दोनदा विचारलं की मी शुद्धीवर आहे ना. मग म्हणाली की निरोप ऐकून तुम्ही पायरीवर बसलात, आणि नंतर दोन वेळा भात मागून घेतलात. ऐकून मला रडू आलं. आता सगळं नीट सांगतो. हे पत्र विजयकुमारबरोबर देतोय. तो माझ्याच खोलीत राहतो, दिवाळीला कराडला चाललाय, तिथून टपालात टाकेल. म्हणजे तुमच्या खात्याचा अर्धा मान तरी राहील.

बाबा, तुमची पितळी मला पोचायच्या आधी दम्मामच्या कस्टमला पोचली. आपल्याकडून निघताना ती कोणाच्या नजरेत आली नाही, पण इथल्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि मला बाजूला घेतलं. पापड, आमसुलं, मेतकूट सगळं टेबलावर मांडलं, आणि तळातून ती पुरचुंडी निघाली. फडकं सोडलं. ती माझी शिट्टी आहे हे मला एका नजरेत कळलं, कडेला माझ्या दातांचे वण आहेत. पण ते अरबीत सांगायचं कसं? एका खोलीत बसवलं, पासपोर्ट आणि इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, काढून घेतला. दोन तास मी एवढंच मोजत होतो की नोकरी गेली तर आपलं काय होईल.

शेवटी तिथे सफाईला असलेला एक माणूस बोलावला. ताजुद्दीन नाव, आपल्या दापोलीकडचा. त्याला मी मराठीत सांगितलं, त्याने अरबीत. शिट्टी म्हटल्यावर साहेबाने वाजवून दाखव म्हणून खूण केली. बाबा, माझ्या तोंडाला इतकी कोरड पडली होती की नुसती हवा गेली. ताजुद्दीनभाईंनी पाणी पाजलं. दुसऱ्या खेपेला वाजली, तीही अशी की बाहेरचे दोघे आत बघायला आले. तेवढ्यात एक म्हातारे अधिकारी आले. त्यांनी ती उलटी करून बुडावरची ठोक्याची खूण बघितली, नाकाला लावून वास घेतला आणि हसले. रिकामंसुद्धा आणायचं नसतं, पुन्हा आणलंस तर सोडणार नाही, असं ताजुद्दीनभाईंकडून बजावलं. कागदावर सही घेतली, खलास म्हणाले आणि पासपोर्ट हातात दिला. बाहेर येऊन मी अर्धा तास बाकावर बसून राहिलो. घरी कळवलं नाही, कारण मला वाटलं मीच कधीतरी ती बॅगेत टाकून विसरलो असेन. शिट्टी तिकडेच जमा झाली. तिचं वाईट वाटतं.

आता तुम्ही म्हणाल की मग पाचवं भरलेलं गेलं कुठे. ते मी उडवलं. रागावू नका, आधी पुरतं वाचा. गणपतीच्या चौथ्या दिवशी तुम्ही आरतीला टाळ कुटत होतात, तेव्हा मागच्या मळीत डुकरं शिरली. तुम्हाला हाका मारल्या, तुम्हाला ऐकू जाईना. भात डोळ्यांदेखत आडवा होत होता. परवाना तुमच्या नावावर, मी हात लावायला नको होता, पण बंदूक घेतली आणि बार टाकला. डुक्कर गेलं, आंब्याची फांदी तेवढी खाली आली. लोकांना वाटलं कोणीतरी फटाका लावला, आणि तुम्ही तर सुखकर्ता दुःखहर्तामध्ये रंगला होतात. मागच्या दारात आईने मला पकडलं. तिनेच रिकामं काडतूस फडक्यात गुंडाळून डब्यात परत ठेवलं आणि तोंड मिटून बस म्हणाली.

ठाण्यात तुम्ही पाहिलंत ते हे. माझं चुकलं. पुन्हा परवान्याशिवाय हात लावणार नाही.

इकामा पुढच्या वर्षापर्यंत झाला. आईला नमस्कार, तुमची माया अशीच असू द्या. फक्त बॅगेत घालू नका.

आपला,
ज्ञानेश


॥ श्री ॥
कुरंगवाडी
दि. ७ डिसेंबर २०२४

चि. ज्ञानेश यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र कराडचा शिक्का घेऊन आलं. सहा दिवस लागले, आमच्या वेळी चार लागायचे. हे पत्र मात्र पुन्हा हातोहातच येतंय. हुसेनमियाँ मक्केला उमऱ्याला निघालेत, जेद्दाहून ते हाशिरकडे देतील.

निवडणूक झाली, काल बंदूक परत मिळाली. या खेपेला चष्मा नेला होता. ठाण्याच्या बाकावर बसून ते रिकामं सोडून पाहिलं. नवं कोरं, कडेला दातांचा एक वण नाही. एवढं तेव्हाच पाहिलं असतं तर पाच दिवसांचा उपास वाचला असता. आणि गंमत बघ, आयुष्यात एकदाच पोलिसाशी खोटं बोललो, तेही खरं निघालं. काडतूस डुकरावरच उडालं होतं, फक्त उडवणारा दुसरा. त्या दुसऱ्याचे कान पिळायचे आहेत, ते तू आल्यावर बघू. ती फांदी वाऱ्याने पडली असं मी अख्ख्या वाडीला सांगत होतो.

तुझ्या आईला मी शेवटी सगळं वाचून दाखवलं. ती हसून हसून खाली बसली. मला म्हणाली, पहिल्या दिवशी मला एक शब्द विचारला असतात तर चुलीपाशीच निकाल लागला असता; घरातल्या माणसाशी बोलायचं सोडून सौदीला पत्र धाडलंत. मी तिच्यापासून लपवलं, तिने माझ्यापासून, तू आम्हा दोघांपासून. सगळे एकमेकांची काळजी घेत होतो आणि त्यापायी तुझी नोकरी जाता जाता राहिली. त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याला आणि ताजुद्दीनना माझा नमस्कार पोचवता आला तर पोचव. माझ्या मूर्खपणाने तुला दोन तास त्या खोलीत बसावं लागलं, हे माझ्या मनातून जात नाही.

एक गोष्ट मात्र केली. परसात बार उडतो आणि घरमालकाला पत्ता नाही, हे काही बरं नाही. तुझी आई आणि तू पाच वर्षं मागे लागला होतात, मी दाद देत नव्हतो. सोमवारी रत्नागिरीला जाऊन कानाचं मशीन घेतलं. घातल्याबरोबर पहिला आवाज आला तो तुझ्या आईचा, मशीन महाग दिसतं म्हणाली. वाटेत पाखरं ऐकली. इतकी असतात हे विसरलो होतो.

तेव्हा शुक्रवारी फोन केलास की आईला देऊ नकोस, मीच घेणार आहे. बोलू नकोस आधी. शिट्टी तिकडे जमा आहे, ठाऊक आहे, नुसत्या तोंडाने वाजव. मी इथून हाळी देतो.

तुझी वाट ऐकणारा,
बाबा