मालकानं खाली थांबायचं

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा गरजच पडली नाही. आतल्या खोलीतून हाक मारली की काम भागायचं. पण सध्या एक प्रश्न डोक्यात घोळतोय आणि तो तुमच्याशिवाय विचारू कुणाला?

आपलं घर विकायला काढलंय. दचकू नका! गुडघे आता दोन जिने चढू देत नाहीत. मागच्याच गल्लीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात. दिवाळीपर्यंत हे घर गेलं तर तिकडे, नाहीतर पुण्याला मनीषाकडे. लेकीचं घर आहे, मान्य. पण सोलापूर सोडून मी तिथं करू काय?

मनीषा म्हणाली, "आई, एजंट कशाला? मोबाइलवरच जाहिरात टाकू." जन्मभर लोकांची घरं विकून दिलेल्या एजंटाचं घर, आणि एजंटाविना! फोटो तिनंच काढले. हॉलच्या फोटोत तुम्हीही आलात, हारासकट. आणि पहिले फोन कुणाचे आले असतील? तुमच्याच धंद्यातल्या लोकांचे! एकजण तर रागानं म्हणाला, "वहिनी, आमी काय मेलो व्हय?" मग लगेच जीभ चावली बिचाऱ्यानं.

नंतर खरी गिऱ्हाइकं यायला लागली. एका गृहस्थांनी दारात चपला काढल्या आणि थेट तुमच्या फोटोला हात जोडले. "काका कधी गेले?" झालं! मी सांगत बसले. चहा झाला, तुमचं आजारपण झालं. "काळजी घ्या काकू," म्हणून ते निघून गेले. स्वयंपाकघर बघायचं राहूनच गेलं की! पुढच्या दोघांचंही तेच. घर बघायला यायचे आणि दुखवट्याला आल्यासारखे बसून जायचे.

तेव्हा तुमची ती खोड आठवली. गिऱ्हाईक वर नेताना तुम्ही मालकाला खाली पिटाळायचात. किती भांडले मी त्यावरून! "ज्याचं घर त्यालाच बाहेर काढता?" तुम्ही नुसते हसायचात. कारण का नाही हो सांगितलंत कधी? की तुम्हालाही ते नेमकं सांगता येत नव्हतं?

परवा करमाळ्याहून बदली होऊन आलेलं एक तरुण जोडपं आलं. म्हटलं, बघूया तरी करून. दार उघडून दिलं आणि खालच्या जिन्यात येऊन बसले. आपल्याच घराबाहेर! रडू आलं मला. तेवढ्यात वरून तिचा आवाज आला, "अवो, फ्रिज हितं बसतोय की!" खिडक्या उघडल्या, दोघं कशावरून तरी हसली. मी वर असते तर हीच दोघं पाहुण्यासारखी अंग चोरून बसली असती.

मग एकदम आवाज बंद. खाली आल्यावर ती हळूच म्हणाली, "घर लई आवडलं काकू. पर टीव्ही कुटं लावायचा ते काय ठरंना. काका बघत हुते."

रविवारी ती सासूला घेऊन पुन्हा येणार आहे. तर हा माझा शब्द. त्या दिवशी मी एकटी खाली जायची नाही, तुम्हालाही भिंतीवरून उतरवून सोबत नेईन. मालकानं खाली थांबायचं, नियम तुमचाच. पायरीवर दोघांपुरती जागा आहे.

तुमची,
सुमन