मोजणीत न धरलेला बिबट्या

प्रिय आक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा (वयाने धाकटा, गुडघ्यांनी आता तुझ्याही पुढे गेलेला) वाकून नमस्कार. म्हणजे मनातल्या मनात वाकून. प्रत्यक्ष वाकलो तर सरळ करायला दोन माणसं बोलवावी लागतील. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींची नवी कवळी बसली का, की अजून जेवताना काढून ठेवतात आणि जेवण झाल्यावर लावतात? इकडे सगळं मजेत. माझ्या नाकाचं सालटं गेलंय, ओठ उललेत आणि डावा पाय बुटाचं नाव काढलं की बोंब मारतो, पण ते सोडलं तर प्रकृती उत्तम आहे.

तू मला डोंगरात कशाला पाठवलं होतंस ते मी विसरलेलो नाही. 'त्या मेंढ्या मोजणाऱ्याला एकदा बघून ये आणि नाही म्हणून सांगून ये, म्हणजे न बघता नकार दिला असं कोणी म्हणायला नको,' हे तुझेच शब्द. आपल्या भिंगरीसाठी तू सिमेंटवाल्यांचं स्थळ हेरून ठेवलंयस, आणि आपल्या घरात तुझ्या शब्दाबाहेर आजवर साधा पंखासुद्धा विकत घेतलेला नाही. भिंगरीचं म्हणणं, लग्न करीन तर त्याच्याशीच. तो आपल्या चष्म्याच्या दुकानात दुर्बीण दुरुस्तीला घेऊन आला काय, हिने स्क्रू बसवून दिला काय, आणि मग तो स्क्रू दर पंधरवड्याला पडायला लागला काय! (एवढी वर्षं मी दुकान चालवतोय, इतका नेमाने पडणारा स्क्रू मी पाहिला नाही. पण अशी गोष्ट बापाच्या लक्षात सगळ्यांत शेवटी येते.) निघताना पोरगी दारात उभी राहिली आणि तिने माझ्या पिशवीचा बंद दोनदा सोडून दोनदा बांधला. एकीकडे ती आणि एकीकडे तू. माझी अडकित्त्यातली सुपारी झालेली.

गाडीत मी चष्मा खिशात घालून झोपतो, हे तुला माहीत आहे. जाग आली तेव्हा पायथ्याचं रान लागलं होतं. चष्मा चढवला, तर समोर नुसती हिरवी गिचमीड. धुकं असेल म्हटलं. तो मेंढ्या मोजणारा मुलगा घ्यायला आलेला, तो बोट दाखवत चालला होता. ते बघा वानर, तो बघा सुतारपक्षी, ही बघा अस्वलाने ओरबाडलेली साल. मी प्रत्येकाला 'वा!' म्हणत होतो. झाडी संपून गवताची कुरणं आली, धुकं तर कुठेच नव्हतं, ऊन चटचटत होतं, तरी माझ्यासमोर नुसते डाग. मग मी मनाशी ठरवलं की हा विरळ हवेचा परिणाम. आता सांग, जो माणूस जन्मभर दुसऱ्यांना 'खालची ओळ वाचा' म्हणत आला, त्याने होणाऱ्या जावयासमोर (म्हणजे न होणाऱ्या, तेव्हा न होणाराच होता) 'मला दिसत नाही' असं म्हणायचं? मान गेली तरी चालेल, मान्य करणार नाही!

कुरणाच्या कडेला तपकिरी शाल पांघरलेल्या एक ठेंगण्या बाई पोटाशी हात धरून उभ्या होत्या. चांगल्या घरच्या वाटल्या. मी थांबून अदबीने नमस्कार केला. बाईंनी कर्कश शिट्टी मारली आणि बिळात गेल्या. (मार्मोट म्हणतात त्याला. खारीच्याच कुळातला, पण खाऊनपिऊन सुखी.) मुलगा हसला नाही. 'काका, ते सगळ्यांनाच शिट्टी मारतात,' एवढंच म्हणाला. तिथेच मी त्याला एक गुण द्यायला हवा होता, पण तू दटावून पाठवलेलं असल्यामुळे दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सगळी टोळी एका उघड्याबोडक्या कड्यावर मोजणीला बसली. तिथे झाड नाही, गवत नाही, खडक आणि लांबवर बर्फ. त्यांची रीत अशी, की एकाने प्राणी दाखवायचा, दुसऱ्याने ताडून बघायचा, आणि दोघांचं जुळलं तरच तो मोजणीत धरायचा. रानमेंढ्या मोजून झाल्या. मी 'वा! वा!' करून थकलो होतो. हिमबिबट्या गेल्या वर्षभरात कोणाला दिसलेला नाही, असं त्यांचं बोलणं कानावर पडलं, आणि मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! समोरच्या उतारावर एक करडा, ठिपकेदार, बसका आकार होता. मी ओरडलो, 'तो बघा बिबट्या!' धडाधड सगळे पोटावर आडवे झाले. मी पहिल्यांदाच कोणालातरी काहीतरी दाखवत होतो. छाती अशी फुगली म्हणून सांगू! मुलाने बराच वेळ दुर्बीण लावली, मग हळूच म्हणाला, 'काका, तो दगड आहे.'

सगळ्यांसमोर, आक्का! मी म्हटलं, शेपूट हलली. तो म्हणाला, दगडाला शेपूट नाही. मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानदाराला दृष्टी शिकवतोस? मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा बिबट्या मोजणीत धर, नाहीतर माझ्या मुलीचं नाव विसर. बोललो आणि माझं मलाच कसंतरी झालं, पण बोललो ते बोललो. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. तरी म्हणाला, 'काका, आता दगड धरला तर सकाळी मोजलेल्या खऱ्या मेंढ्यांवर कोण विश्वास ठेवणार? मी भिंगरीला सांगेन काय झालं ते. पण दगड नाही धरता येणार.'

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. (त्या सबंध डोंगरात रेंज त्याच एका कड्यावर.) भिंगरीच होती, आणि माझ्याशीच बोलायचं होतं. 'बाबा, नीट दिसतंय ना?' म्हटलं, लख्ख. 'अहो, लख्ख काय! तुमचा चष्मा इकडे काउंटरवर पडलाय. तुम्ही हेडमास्तरांचा, दुरुस्तीला आलेला, खिशात घालून गेलात. ते सकाळपासून दुकानात बसलेत आणि मला मुलगा समजून अभ्यास विचारतायत.' माझ्यासारखीच फ्रेम हेडमास्तरांच्या गळ्यात मीच मारली होती. त्यांना जवळचं दिसत नाही, मला लांबचं. दोन दिवस मी परक्या नंबरातून डोंगर पाहत होतो!

मुलाने सगळं ऐकलं होतं. त्याने माझा चष्मा, म्हणजे हेडमास्तरांचा, अलगद काढून घेतला, दुर्बीण हातात दिली आणि म्हणाला, बिनचष्म्यानेच लावा आणि चाक फिरवा. (हे मी हजार गिऱ्हाइकांना सांगितलंय. स्वतःला सांगायचं राहिलं.) चाक फिरवलं आणि समोरचं सगळं उघडलं. सरळसोट कड्यावरून मेंढ्या उतरत होत्या, मागून कोकरं, आणि एकाचाही पाय घसरत नव्हता. एका गिधाडाने उंचावरून हाड खडकावर टाकलं, फोडलं आणि खाली येऊन निवांत गिळलं. मुठीएवढा एक बिनकानाच्या सशासारखा जीव गवताच्या काड्या उन्हात वाळत घालत होता. बर्फातून निघालेली नदी, खाली कुरणं, त्याखाली ते रान, जे मी 'वा! वा!' करत आंधळ्यासारखं पार केलं होतं. आक्का, मला रडू आलं. लाज कसली, आलं. मग दुर्बीण त्या उतारावर नेली. दगडच होता, आणि दगड म्हणूनही फारसा देखणा नव्हता.

मी आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'ही फ्रेम तुम्हालाच शोभते' म्हणत आलो. हातची मुलगी जात असतानाही ज्याच्या तोंडून एक दगड खोटा निघाला नाही, त्याच्या घरी आपली पोर निर्धास्त झोपेल. तेव्हा नाही म्हणायला गेलो होतो आणि हो म्हणून आलो. शिव्या घालायच्या असतील तर मला घाल.

एरवी कायम तुझ्या आज्ञेतला,
भाऊ

ता.क. सिमेंटवाल्यांना नकार तूच कळव. माझ्यावर ते आवाज चढवतील, तुझ्यावर चढवायची त्यांची छाती नाही. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

ता.क. २. कड्यावर त्यांनी एक कॅमेरा लावून ठेवला होता, त्यातले फोटो आले. आमचं भांडण चाललं होतं तेव्हा हिमबिबट्या आमच्या पाठीमागेच बसून सगळं ऐकत होता. मी म्हटलं, आता तरी माझ्या नावावर धर! पठ्ठ्या म्हणतो, 'काका, त्याने तुम्हाला पाहिलं, तुम्ही त्याला नाही.'

ता.क. ३. येत्या रविवारी तो तुला भेटायला येतोय. तुझा होकार मिळाल्याशिवाय भिंगरी तारीख धरू देत नाही. पोटभर जेवू घाल, हवं ते विचार, खरंच सांगेल. फक्त एक कर. त्याला गाणं म्हणून दाखवू नकोस. आणि राहवलंच नाही, तर निदान कसं झालं ते विचारू नकोस. घरातले आम्ही बाकीचे सगळे तुझ्या गाण्याला 'वा! वा!' म्हणत आलोय.