सात-पाचच्या बातम्या

२ जुलै
सकाळी सात-पाचच्या बातम्यांत आज पुन्हा घरघर. बातम्या वाचणाऱ्या बाईंचा आवाज येतो, पण शब्द ओल्या कागदावर लिहिल्यासारखे. रेडिओचा सेट उघडला. एक कंडेन्सर बदलला. एरिअलची वायर ओढून खिडकीच्या गजाला बांधली. फरक नाही.
सुमती पोहे परतत होती. मागे न बघताच म्हणाली, "एकदा कान दाखवून या."
सेटचा दोष आहे, म्हटलं.
कान म्हणे! या कानांवर तर हे घर उभं राहिलं. ठाण्याला कोपरीत स्टेशनबाहेर फळीवर सोल्डरिंग घेऊन बसायचो तेव्हा गिऱ्हाइकाने सेट नुसता लावायचा, झाकण न उघडता मी सांगायचो — स्पीकर फाटलाय, बटण गेलंय, आत झुरळ आहे. लोक मुद्दाम बघत उभे राहायचे. त्या फळीचं दुकान झालं, आणि दुकानावर डोंबिवलीत ही जागा.

५ जुलै
सुमती आंघोळीला गेली. जाताना म्हणाली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी पेपर घेऊन ओट्यापाशीच बसलेलो. ती केस पुसत धावतच बाहेर आली. डाळ करपलेली.
"किती झाल्या?"
"दोनच."
"सात झाल्या. मी आतून मोजल्या."
वाचण्यात गुंगलो, असं सांगितलं. तिने कुकर घासायला घेतला.

६ जुलै
बाबांना साठीनंतर ऐकू येईनासं झालेलं. गावची माणसं त्यांच्या तोंडावर त्यांची टिंगल करायची. बाबाही सगळ्यांबरोबर हसायचे.

९ जुलै
सापडला दोष! एलईडी बल्ब!
स्वस्तातल्या बल्बच्या पोटात एक सर्किट असतं, ते मीडियम वेव्हवर गुणगुणतं. आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरात चार-चार बल्ब — आणि ते आणून दिलेत कोणी? मीच! घाऊकमध्ये मिळतायत म्हणून घरोघरी फिरून खपवले. एवढा हसलो की ठसका लागला. किती दिवसांनी मोकळं वाटलं.

१२ जुलै
दारोदार जाऊन विनंती केली — उद्या सात-पाच ते सात-पंधरा सगळ्यांनी दिवे बंद ठेवा, मला एक तपासायचंय. तिसऱ्या मजल्यावरच्या विनीतने दाढी करताकरताच ऐकून घेतलं. "काका, बातम्या मोबाईलवर वाचा की. रेडिओसाठी बिल्डिंग काळोखात?" वर म्हणतो, पुढच्या खेपेला सूर्यही बंद करायला सांगाल. पोरगा टिंगलखोर आहे, पण वाईट नाही. त्याच्या बायकोने, दिशाने, चहा दिला. बाळ सहा महिन्यांचं झालं.
तळमजल्यावर हौसाबाई. ऐंशीच्या पुढच्या, साताऱ्याकडच्या, एकट्या राहतात. त्यांनी लगेच मान डोलावली. त्या वाचत नाहीत. मुलाने पाठवलेला मोबाईल टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलाय. रोज सकाळी आमच्या दारात येऊन बसतात त्या बातम्यांसाठीच. म्हणाल्या, "ही बाई आधी आपलं नाव सांगतीया, मग बातमी. मोबाईलात कोन बोलतंय ते कुनाला म्हाईत?"
चाळीस वर्षं रेडिओच्या धंद्यात काढली, पण हे असं मला कधी सांगता आलं नाही.

१३ जुलै
सगळ्यांनी दिवे बंद केले. घरघर कमी झाली. शब्द तसेच — ओले. तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी इन्व्हर्टर चालू राहिला असणार. नाहीतर समोरच्या टॉवरची लिफ्ट. अख्ख्या एरियाची लाईट जाईल तेव्हाच खरं कळेल.
म्हणजे लाईट जावी असं मला वाटतं. आणि जाऊ नये असंही.

२२ जुलै
सुमतीला दुकानात जातो सांगून ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. माझा नंबर नववा. बराच वेळ बसलो. मग बाजूच्या बाईंनी गुडघ्याला हात लावून विचारलं, हरिहर तुम्हीच का? तीन वेळा पुकारलं तुम्हाला.
पंखा फार वाजत होता तिथे.
अर्जंट काम आलं म्हणालो आणि आत न जाता परतलो.

२८ जुलै
तीन दिवस पावसाची झोड. खाडी भरलीय. मागच्या गल्लीत गुडघाभर पाणी. रेडिओत नवे सेल घातले. दोन हजार पाचपासून आमचा रिवाज आहे — पूर आला की सेट पहिल्या मजल्याच्या जिन्यात उलट्या बादलीवर ठेवायचा, सगळ्यांनी पायऱ्यांवर बसायचं, कोणी बोलायचं नाही. तेव्हा दोन दिवस कोणाचा फोन लागला नव्हता. तिकडे कुठे काय चाललंय ते एका आवाजाने सगळ्या जिन्याला सांगितलं. ज्याच्या घरात साधा रेडिओही नव्हता त्यालाही माझ्याएवढंच कळलं.

२९ जुलै
आजचं आजच लिहितो.
पहाटे मीटरच्या खोलीत पाणी शिरलं. अख्ख्या एरियाची लाईट गेली. मोबाईलचे टॉवरही बंद पडले, कोणालाच रेंज नाही. हौसाबाईंना सुमतीने पत्र्याच्या ट्रंकेसकट वर आणलं.
साडेसहाला जिन्यात धावपळ. रेंज जायच्या आधी विनीतला एक मेसेज आलेला, कुठून कुठून फिरत — धरण फुटलं, दोन तासांत पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत, खाडीकडच्यांनी ताबडतोब निघा. त्याने बॅगा बांधलेल्या. बाळ दिशाच्या खांद्यावर, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. मागोमाग आणखी दोन घरं बॅगा घेऊन जिन्यात आली. खाली तळमजल्यावर छातीभर पाणी, रस्ता कुठे आणि गटार कुठे दिसत नाही. विनीत पाण्यालगतच्या पायरीवर, पाय पाण्यात.
मी म्हटलं, सात-पाचपर्यंत थांब.
"आणि खरं असलं तर, काका? तुम्ही रिवाज सांभाळत बसा."
दिशाने त्याचा शर्ट मागून धरला. म्हणून तो थांबला.
बादली उलटी टाकली. सेट ठेवला. हौसाबाई सेटला टेकूनच बसलेल्या. सात-पाच झाले. कुठे एक दिवा नाही, लिफ्ट नाही, इन्व्हर्टर नाही. बाळ रडायला लागलं. खाली पाणी भिंतींवर आपटत होतं. मी आवाज पूर्ण चढवला.
बातम्या लागल्या. धरण सुरक्षित आहे, ते फुटल्याची अफवा आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी घराबाहेर पडू नये, भरती ओसरल्यावर पाणी उतरेल.
विनीत खाली होता, बाळाच्या रडण्यात आणि पाण्याच्या आवाजात त्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने वर बघून विचारलं, "काका, नक्की असंच म्हणाल्या?"
"नक्की."
त्याने बॅग खांद्यावरून काढली. पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दिशाने बाळ माझ्याकडे दिलं.
दुपारी पाणी उतरायला लागलं. जी गल्ली ओलांडून ते जाणार होते तिथलं गटाराचं झाकण वाहून गेलेलं. विनीत स्वतः बघून आला. आल्यावर माझ्या पाया पडला. हौसाबाई म्हणाल्या, "आज लईच साफ आलं बघा. एक अक्षर सुटलं न्हाई." पायऱ्यांवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीपण.

३१ जुलै
लाईट आली.
परवाची बातमी मी ऐकलेली नाही. कुठे दिवा नव्हता, सेट उत्तम चालत होता, आणि मला नुसती गुणगुण येत होती. धरणाचं हौसाबाईंनी पुटपुटत म्हटलं, त्यांच्या ओठांवरून मला समजलं; बाकीचं मागाहून लोकांकडून. आणि त्याच्यावर त्या पोराला नक्की म्हणालो. सहा महिन्यांच्या बाळाच्या बापाला!
उद्या सात-पाचला सुमतीला शेजारी बसवतो. रेडिओ लावायचा नाही. आधी नाव सांगायचं, मग बातमी. मी हरिहर. मला ऐकू येत नाही.