तुमचा खटला मागे घेतायत

अहो,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. ड्युटी संपवून रोज घरी येणाऱ्या नवऱ्याला कोण पत्र लिहितं? पण उद्या मला कोर्टात उभं राहायचंय आणि सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. दूध दोनदा उतू गेलं.

बंदच्या दिवशी कोथरूडमध्ये तुम्ही चालवत होतात त्या बसवर ज्यांनी दगड मारले, त्यांच्यावरचा खटला सरकार मागे घेतंय. राजकीय आंदोलन होतं म्हणे! अर्जात लिहिलंय, 'जीवितहानी नाही.' डोक्यात दगड बसल्यावर तुम्ही लगेच गेला नाहीत ना, पुढे कित्येक महिने अंथरुणात काढलेत, म्हणून. इतका चिवटपणा कशाला केलात हो?

सरकारी वकिलांना विचारलं, तर म्हणाले, "बाई, वरून आलंय."

म्हटलं, "वर माझं एकच माणूस आहे, आणि त्यानं असलं काही पाठवलेलं नाही."

त्यांनी फाइल मिटली. माणूस वाईट नाही, पण अर्जावर सही त्यांचीच आहे.

मग आपल्या मुक्तानं शोधून काढलं. खराडीच्या ऑफिसातून फोन केला, "आई, नवीन कायद्यात क्लिअर लिहिलंय. केस विथड्रॉ करायच्या आधी कोर्टानं आपलं ऐकून घ्यायलाच पाहिजे. तू बोलायचंस."

ऐकायलाच पाहिजे, ठीक. मानायलाच पाहिजे असं कुठे आहे? सरकारी वकिलाला वरून फोनच येणार नाही, असा कायदा ही मंडळी कधी करणार? स्वतःचेच हात कोण बांधून घेईल!

काल पक्षाचा वॉर्डातला माणूस आला होता. चहा घेतला, बशीतली बिस्किटं संपवली आणि हळूच म्हणाला, "वहिनी, भाऊंची पण केस अशीच गेली होती ना? पेढे वाटले होते त्यांनी!"

खरंच होतं ते. लग्नाआधी तुम्हीही एका बंदमध्ये दुकानाच्या काचा फोडल्या होत्यात. सरकार बदललं, केस गेली, आणि दर दिवाळीला ती गंमत तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. एकदा मी विचारलं, त्या दुकानदाराचं पुढे काय झालं? "कोण दुकानदार?" म्हणालात. किती राग आला होता मला! तुम्ही नाही आहात, तरी अजून येतो.

त्या माणसाला वाटलं, आता ही गप्प बसेल. मलाही क्षणभर वाटलं. पण त्या दुकानदाराला कोर्टानं बोलावलंच नव्हतं. मला बोलावलंय.

तेव्हा उद्या मी बोलणार. तुमचं डोकं, ती औषधं, शब्द न फुटणारे ते महिने, सगळं सांगणार. कुणी तुमची जुनी केस काढलीच, तर मान खाली घालणार नाही. हो म्हणेन. तीही चालायला हवी होती, माझ्या नवऱ्याला शिक्षा व्हायला हवी होती, असं सगळ्यांसमोर सांगेन. रागवायचं तर रागवा.

तुमचीच,
सुनंदा